काकासाहेबांनी चाखलेलं

२७ जुलै, रविवार

शिवमचं म्हणणं, डायरी लिहिणाऱ्या बायकांना कामं कमी असतात. त्याला म्हटलं, वाळूजच्या कंपनीत शिफ्टभर तू काय करतोस ते मी विचारलंय का कधी? 

तर भाजीच्या टोपलीचं आज नक्की झालं. आठवड्यातून दोनदा घरपोच, आणि त्यात फक्त हंगामाचं. मंडईत बारा महिने मिळतं ते आमच्याकडं मागायचंच नाही. सध्या करटुली, कडवंची, आणि गंगापूर रोडच्या आमच्या शेतातली गिलकी, दोडकी, गवार, भेंडी. सीताफळानं डोळे उघडले की सीताफळ. ज्यांना जानेवारीत आंबा हवा असतो त्यांनी खुशाल दुसरीकडं जावं.

मागच्या वर्षीच्या धंद्यावरून घरात अजून टोमणे खाते मी. सोयगावकडच्या डोंगरातून रानगिलक्याचं बी आणलं, आमच्या गिलक्यांच्याच कुंपणावर चढवलं, फळं वाळवून अंग घासायच्या जाळ्या केल्या आणि प्रदर्शनात टेबल मांडून बसले. लोक हातात घेऊन बघायचे आणि ठेवून द्यायचे. निम्म्या जाळ्या अजून माळ्यावर पडल्यात. भाजीचं तसं होणार नाही, कारण भाजीत मामा आहेत.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, गाव काकासाहेब म्हणतं. तोडलेल्या प्रत्येक मालातलं एखाददुसरं फळ ते कच्चंच चावून बघतात. "जाऊ दे" म्हणाले की माल गाडीत. नाही म्हणाले तर तो गव्हाणीत गेला, जाधववाडीचं मार्केट त्यानं बघितलं नाही. त्यांनी चाखल्यावर दुसऱ्यानं खात्री करायला तोंड लावायचं नाही, हा घरचा कायदा. एकदा शिवमनं लग्नाआधी लावलं होतं म्हणे, तर दोन दिवस बोलले नव्हते. या असल्या जिभेचा उपयोग करायचा नाही तर काय करायचं? मी स्टिकरच काढतेय, "काकासाहेबांनी चाखलेलं". प्रत्येक टोपलीवर.

आषाढातल्या तापानं माणूस निम्मा झालाय. महिनाभर मुगाच्या पाण्यावर होते. आता इथं गारखेड्याला आमच्याकडंच असतात, सकाळी सांडूभाईच्या लोडिंग रिक्षातून शेतावर जातात आणि मालाबरोबर परत येतात. स्टिकरचं सांगितलं तर म्हणाले, "माझं नाव कशाला गं माय त्याच्यात." लाजले बिचारे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळच्या घाईत चहात साखर घालायची राहिली. शिवमनं एक घोट घेतला आणि कप असा ठेवला की मी त्याला विषच दिलंय. मामांचा कप तोवर रिकामा झाला होता. "झकास झाला," म्हणाले. हाच माणूस पूर्वी साखर चिमूटभर कमी पडली तर कप परत पाठवायचा, सासूबाई वैतागायच्या. परवा ठेच्यात मीठ दोनदा पडलं तेव्हाही मुकाट जेवले. आजारपण माणसाला मऊ करतं. शिवमला म्हटलं, बापाकडून शिक काहीतरी.

गिलक्यांनी यंदा कहर केलाय. बी मामांचंच, मागच्या वर्षी कुंपणावरच्या फळांतून धरलेलं, नेहमीसारखं. पण इतका जोर मी या घरात आल्यापासून बघितला नाही. काही वेल बाभळीच्या शेंड्याला लागलेत. त्यांची पानं जाड, खरबरीत, आणि फळ जरा आखूड, गडद हिरवं. मी एक तोडून मामांना दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं साल चाचपली, बराच वेळ चाचपली. मग चावलं, चघळलं, माझ्याकडं बघितलं. मी खुशीतच होते. "गोड हाय," म्हणाले, "जाऊ दे."

१४ ऑगस्ट, गुरुवार

पहिली तक्रार आली. ज्योतीनगरच्या मीनाक्षीताई, निवृत्त शिक्षिका, नवरा अनंतराव कलेक्टर ऑफिसात होते. दोघंच राहतात. मेसेज असा: "अपेक्षाताई, राग मानू नका, एक घोसाळं कडवट निघालं." ते लोक गिलक्याला घोसाळं म्हणतात. म्हणू देत. पण अख्ख्या टोपलीतलं एक, आणि त्याच्यावर मेसेज?

मी लिहिलं, आमचा सगळा माल काकासाहेब स्वतः चाखून पाठवतात, मध्ये पावसानं ओढ दिली होती त्यामुळं एखाद्या फळावर परिणाम होतो. त्यांचं लगेच उत्तर, सॉरी, माझाच काहीतरी गैरसमज झाला असेल. चांगली बाई आहे. मला उगाच वाईट वाटलं, म्हणून पुढच्या टोपलीत त्यांना करटुली जास्त घातली.

संध्याकाळी सांडूभाईनं आणखी एक काडी टाकली. उरलेली गिलकी तो घरी नेतो. म्हणे, "भाभी, कल का गिलका बकरी मुँह बी नै लगाई. सूँघी और चल दी." म्हटलं, तुमच्या बकरीला काय, रोज नवीन नखरे. तो हसला. पण आज त्यानं गिलकी नेली नाहीत, भेंडी नेली.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. आज उल्कानगरीतल्या बागेपाशी स्टॉल लावला, आणि मामांना खुर्चीवर बसवलं. पांढरं धोतर, टोपी, हातात चाकू. लोकांसमोर फोड कापायची, चाखायची, सांगायचं. काय गर्दी जमली. एक मुलगा मोबाईलवर शूटिंग करत होता. कडवंचीचं बघा, मूळची कडसर भाजी, तर मामा म्हणाले, "कडवंची हाय, कडूच असणार." लोक खळखळून हसले. मला वाटलं, याला म्हणतात दुकानदारी.

एक गोष्ट लिहून ठेवते. मामा आताशा चाखलं की आधी माझ्याकडं बघतात, मग बोलतात. पूर्वी डोळे मिटायचे. म्हातारपणी सुनेचा आधार वाटत असावा. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

अनंतराव आणि मीनाक्षीताई पण आले होते. अनंतरावांनी मामांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, "काकासाहेब, आजकाल शब्दाला जागणारा माल कुठं मिळतो." पितृपक्षाची टोपली त्यांनी तिथंच सांगितली. वडिलांची तिथी त्रयोदशीला. मीनाक्षीताई म्हणाल्या, "आमच्याकडं श्राद्धाला घोसाळं लागतंच. आणि तुमचंच हवं. नैवेद्याचं आम्हाला चाखता येत नाही ना, मग निदान कुणीतरी आधी चाखलेलं असलेलं बरं."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं? पंधरा दिवस सगळ्या शहरात देवापितरांचा स्वयंपाक, आणि करणारी बाई एक थेंब जिभेला लावत नाही. स्टिकर त्यांच्यासाठीच जन्माला आलंय.

२ सप्टेंबर, मंगळवार

पितरांच्या टोपल्यांची यादी इतकी झालीय की मला भीती वाटायला लागलीय. गवारीनं पावसात मान टाकलीय, बाजारात तर तिचा भाव विचारू नये. अळू आहे, भोपळा आहे, कारली शेजारच्या मळ्यातून घेतेय. गिलकी मात्र मागाल तेवढी. बाकी सगळं रडत असताना तेच वेल टवटवीत उभे.

दुपारी मामा ओट्याशी येऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात ते कधी येत नाहीत.

"माय, एक बोलू का? यंदा चाखायचं दुसऱ्या कुणाला तरी दे."

"का? कंटाळलात?"

"नाय. कंटाळा नाय. पण तापापासनं माझं तोंड..."

तेवढ्यात फोन वाजला. सिडकोतल्या एक बाई, सासूची तिथी चतुर्थीला की पंचमीला याच्यावर माझ्याशीच वाद घालत होत्या, जशी मी पंचांग विकते. फोन ठेवला तेव्हा मामा हॉलमध्ये जाऊन बसले होते. मी तिथं जाऊन स्टिकरचा नवा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. आजच छापून आलाय, त्यांचा फोटो पण आहे टोपीतला. म्हटलं, आता माघार नाही, मामा. तुमच्या नावावर लोक पितर जेवू घालणार आहेत.

त्यांनी फोटोवरून हात फिरवला. "बरं," म्हणाले.

तोंड आलं असेल. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून दिल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

पितरांच्या पहिल्या टोपल्या गेल्या. पावसानं सांडूभाईच्या रिक्षाची ताडपत्री फाटली, तरी सगळं कोरडं पोचलं. दिवसभर मेसेज. कुणी केळीच्या पानाचा फोटो पाठवला, कुणी हात जोडलेले. आज सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या काहीतरी खवचट, पण मनातून खूश झाल्या असत्या.

मामा जेवताना काहीच बोलत नाहीत. वाढलं की जेवतात, थांबवलं की थांबतात.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

सासूबाईंची तिथी. सरूबाई सवाष्ण गेल्या म्हणून त्यांचं आज. पैठणहून राजनंदिनी, माझी नणंद, सकाळच्या एसटीनं आली. स्वयंपाक सगळा मी केला: खीर, वडे, कढी, आणि सासूबाईंची ती कारलं-गिलक्याची एकत्र भाजी. त्यांच्या माहेरची पद्धत, दुसरीकडं कुठं बघितली नाही मी. त्यांना फार आवडायची. चव अर्थातच कुणी बघितली नाही.

पानावर बसलो. पहिला घास घेतला आणि माझं कपाळच आठ्यांनी भरलं. कारलं जास्त झालं होतं, नक्कीच. मिठात चोळून ठेवायला विसरले बहुतेक. शिवमनं भाजी वड्याखाली सरकवली. राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं, मी पानात बघितलं. पितरांच्या जेवणाला नाव ठेवायचं नाही, त्यामुळं बोललं कुणीच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी मात्र भाजी परत मागून घेतली. मग आणखी एकदा. "सरूच्या हातची झालीय," म्हणाले आणि डोळे पुसले. मला इतकं भरून आलं की उरलेली सगळी त्यांच्याच पानात वाढली.

तीन वाजल्यापासून उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. संध्याकाळी त्यात रक्त दिसलं. आता गारखेड्यातल्याच दवाखान्यात आणलंय, बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. शिवमलाही मळमळतंय. डॉक्टरांनी विचारलं, कडू दुधी वगैरे काही खाल्लं का? शिवम म्हणाला, कारलं खाल्लं, श्राद्धाचं होतं, आणि कढीचं दही जरा आंबलेलं होतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

दही आंबलेलं नव्हतं. मी काल रात्री लावलं होतं. पण शिवम बोलून गेला आणि मी काही म्हटलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मामा जरा बरे आहेत. रक्तदाब फार खाली गेला होता, आता सावरलाय. मुक्तिदिनाचा झेंडा दवाखान्यापुढंही लावलाय, खिडकीतून दिसतो. ते त्याच्याकडं बघत पडून असतात.

राजनंदिनीचा पैठणहून फोन आला. तिलाही घरी गेल्यावर दोनदा उलटी झाली. म्हणाली, "वहिनी, मी आयुष्यभर कारलं खाल्लंय. ते कारल्याचं कडू नव्हतं. गिलकं कडू होतं." मी म्हटलं, तुला कसं कळलं, एकत्र तर होतं. म्हणाली, "फोड होती गिलक्याची. जिभेवर रात्रीपर्यंत होतं ते."

फोन ठेवला आणि मला काही सुचेना. उद्या त्रयोदशीच्या टोपल्या जायच्यात. मग चतुर्दशी, मग सर्वपित्री, सगळ्यात मोठी. घरी आले. ओट्यावर गिलकं कापलं आणि फोड ओठांपर्यंत नेली. नेली आणि ठेवून दिली. खरं लिहायचं तर भीती वाटली. कडू लागलं असतं तर मग काय? मग मामांनी आजपर्यंत जे जे "गोड हाय" म्हटलं त्याचं काय? ते दवाखान्यात पडलेले असताना त्यांच्या मागं त्यांच्या जिभेवर संशय घ्यायचा, हे मला जमेना. असं मी स्वतःला सांगितलं.

फोडी डब्यात घालून दवाखान्यात नेल्या. नर्स बाहेर गेल्यावर त्यांना म्हटलं, मामा, एवढं एक बघता का? त्यांनी डब्याकडं बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडं. माझे डोळे सुजलेले असणार, रडून आले होते. त्यांनी फोड उचलली, चावली, गिळली.

"गोड हाय, माय. रडू नको. जाऊ दे."

इतकं हलकं वाटलं मला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टोपल्या गेल्या. मीनाक्षीताईंना मी स्वतःच देऊन आले, दवाखान्याच्या वाटेवरच पडतं. मामांचं विचारलं त्यांनी, घाबरल्याच. आतून अंगारा आणून पुडी बांधून दिली. गिलकी हातात घेऊन म्हणाल्या, "काय सुरेख आहेत हो, गडद हिरवी." त्यांना मी निवडून दिली होती, सगळ्यात ताजी.

मामांनी काल फोड खाल्ल्यापासून पुन्हा उलट्या केल्या. डॉक्टर म्हणतात, आतून सुजलंय, वेळ लागेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी अकराच्या सुमारास नर्स सायली औषध घेऊन आली. पोटॅशियम फार कमी झालंय म्हणून पातळ औषध द्यायचं. मला म्हणाली, "ताई, पाणी हाताशी ठेवा. हे इतकं घाण लागतं की लोक आम्हाला शिव्या देतात." मामांनी माप तोंडाला लावलं आणि सावकाश प्याले, दूध प्यावं तसं. शेवटचा थेंब जिभेनं चाटून घेतला. सायली बघतच राहिली. "आजोबा, कसं लागलं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराशी होते, चेहरा दिसत नसावा. मी पुढं झाले.

"मामा," मी म्हटलं, "कसं होतं औषध?"

"बरं होतं."

"गोड का कडू?"

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते. साखरेशिवायचा चहा, ठेचा, स्टॉल, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ते प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघत होते, कारण उत्तर तिथं असायचं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासनं. काय बी कळत नाय, माय. माती घातली तरी कळायची नाय." मग म्हणाले, "वाटलं, येईल परत. मग तू इतकी खूश होतीस."

मी तशीच घरी पळाले. क्रेटमधलं एक गिलकं कापलं, चाखलं. गोड. दुसरं कापलं. गोड. मला हसू यायला लागलं होतं. मग त्या आखूड, गडद हिरव्यांतलं एक घेतलं. जीभ लावली मात्र, घशापर्यंत आग गेली. बेसिनमध्ये थुंकत राहिले. चूळ भरली, गूळ खाल्ला, काही उपयोग नाही. डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, रानटी वेलाचा परागकण लागला की बी बिघडतं, त्या बियातून येणारं फळ विषारी असतं, हे सोमवारीच का नाही सांगितलं तुम्ही?

सोयगावचा रानवेल. मीच चढवला होता त्या कुंपणावर. मामा बी धरताना फळ चाखून धरतात. फळ गोडच होतं तेव्हा, आतलं बी बदललेलं कुणाला दिसणार?

एकेकाला फोन लावत गेले. गिलकं खाऊ नका, शिजवलं असेल तर टाकून द्या, नैवेद्याचं असलं तरी टाका. एक बाई म्हणाल्या, "अहो, पण काकासाहेबांनी चाखलंय ना?" मी परत तेच म्हटलं, टाका. दुसऱ्या एक म्हणाल्या, गिलकं काढून ठेवते, पण अमावस्येची गवार तेवढी पाठवा, इथं मिळत नाही. बाकी सगळ्यांनी उचलला. मीनाक्षीताईंकडं आजच त्रयोदशीचं श्राद्ध, त्यांचा वाजत राहिला.

स्कूटी काढली. ज्योतीनगरला पोचले तेव्हा चार वाजत आले होते. दार उघडं, समोर चपला अस्ताव्यस्त. शेजारचे एक गृहस्थ पायऱ्या उतरत होते. म्हणाले, बाईंना आत्ताच हलवलं, फार उलट्या होत होत्या, अनंतराव बरोबर गेलेत. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. पातेली घासून पालथी घातलेली होती. काही उरलेलं नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार

शिवमनं सकाळीच कुंपणावरचे सगळे वेल उपटून जाळले. ओले होते, दिवसभर धूर होता म्हणे. पोलीस येऊन क्रेट आणि स्टिकरचा गठ्ठा घेऊन गेले. मी जे आहे ते सगळं सांगितलं, दह्याचं पण. मीनाक्षीताईंना ठेवलेल्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांनाही सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांचं वय आहे, रक्तदाब सापडत नाहीये, प्रयत्न चालू आहेत.

मीनाक्षीताई दुपारी गेल्या.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

मामांना काल संध्याकाळी घरी सोडलं. त्यांना मी सांगणार नव्हते. पण ते शिवमच्या तोंडाकडं बघून ओळखतात, हे आता आम्हाला माहीत आहे. सकाळी धोतर नेसून दाराशी बसले. म्हणाले, "मला त्यांच्या घरी ने." शिवम म्हणाला, वकिलानं सांगितलंय, जायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. "वकील गेला उडत," मामा म्हणाले. ताप येण्याआधी ते असं बोलायचे.

सांडूभाई घेऊन गेला आम्हाला. त्याला मी म्हटलं, तुमच्या बकरीचं ऐकायला हवं होतं. त्यानं मान हलवली आणि गाडी वळवली.

बाहेर चपला होत्या बऱ्याच. अनंतराव खुर्चीवर बसले होते, शेजारी त्यांची मुलगी मनस्विनी, पुण्याहून आलेली. तिनं मला ओळखलं. उठून आत गेली.

मामा चौकट धरून उभे राहिले. आवाज नव्हताच त्यांच्यात, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"अनंतराव, माझ्या जिभेला चव नाय. आषाढापासनं नाय. गोड काय, कडू काय, मला कळत नव्हतं. मी सगळ्यास्नी खोटंच सांगत गेलो."

मी म्हटलं, "मला बुधवारी शंका आली होती. फोड हातात घेतली होती मी. चाखली नाही. आणि दुसऱ्या दिवशी ताईंना स्वतः आणून दिली."

 अनंतराव आमच्याकडं बघत राहिले. ते चिडले असते, हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

"मला पहिल्या घासालाच कडू लागलं होतं," ते म्हणाले. अगदी हळू, समजावून सांगितल्यासारखं. "गुरुजींनाही लागलं असावं, त्यांनी बाजूला सारलं. मी आत जाऊन हिला सांगितलं. नैवेद्य झाला होता, तेव्हा हिनं जिभेवर घेऊन बघितलं. म्हणाली, कडू आहे खरं. पण ते चाखून दिलेलं आहे, त्यांचं चुकायचं नाही. आपलीच तोंडं बिघडली असतील आता या वयात." ते थांबले. "श्राद्धाचं अन्न उरवायचं नाही, टाकायचं नाही. आमचं झाल्यावर ही मागून जेवायला बसली, आणि भाजी सगळी हिनंच संपवली."

मामा चौकट धरूनच खाली बसले. त्यांना उठवायला कुणी पुढं आलं नाही. मीही गेले नाही.